काट्याला न दिसणारं वजन

"या गोळ्या आता दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत, काका."

खिडकीमागच्या मुलीनं दोन्ही बाटल्या उलटसुलट करून पाहिल्या. एक सीलबंद होती, एक अर्धी.

"अहो, हिचं सील तरी कुठं तुटलंय?" मी म्हटलं. "तारीखसुद्धा पुढच्या वर्षाची आहे. मी नीट बघून आणलीय."

"एकदा घरी गेलेलं औषध परत आमच्या कपाटात जात नाही. ठेवून जा, आम्ही नष्ट करू."

नष्ट हा शब्द मला आवडला नाही. बायको गेल्यापासून सात महिने त्या बाटल्या तिच्या उशाजवळच्या स्टुलावर होत्या. आज मन घट्ट करून उचलल्या, ते कुणाच्या तरी कामी येतील म्हणून. मी वळणार एवढ्यात मुलीनं बाटलीवरचं नाव वाचलं आणि मान खिडकीबाहेर काढली.

"थांबा, काटेवाले ते तुम्हीच का? मोठ्या सिस्टरनी सांगून ठेवलंय, आलात तर आत पाठव म्हणून."

काटेवाला मीच. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासतो, दुरुस्त करतो. पस्तीस वर्षं झाली. या दवाखान्यात मात्र पहिला दिवस सोडला तर मी आतपर्यंत कधी गेलो नव्हतो. अठरा वर्षं बायकोला दारात सोडायचं आणि बाहेर सायकली लावतात तिथल्या कट्ट्यावर बसायचं, हा माझा शिरस्ता. तिथं आणखी चारपाच नवरे बसलेले असायचे. कुणी कुणाशी बोलत नसे. सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसायचे.

मोठ्या सिस्टरची खोली अरुंद होती. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून माणसं तोलायचा काटा. सिस्टरचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुमची फार मस्करी करायच्या हो त्या."

"माझी?"

"तर काय! म्हणायच्या, आमच्या घरी चहात साखर घालतानासुद्धा काटा बघतात."

मला हसू आलं. खोटं नव्हतं ते.

"शेवटी त्रास झाला का त्यांना?"

"नाही. सकाळी कपडे वाळत घालताना खाली बसली. डॉक्टर म्हणाले, हृदय. दहा मिनिटांत संपलं."

"म्हणजे एचआयव्हीनं नाही गेल्या," सिस्टर म्हणाल्या. "मला हेच ऐकायचं होतं. अडतीस किलोची बाई आली होती इथं. काठी टेकत. त्या वेळी दिवसातून दोनदा गोळ्या, वर उलट्या, हातापायांना मुंग्या. आता दिवसाला एक गोळी. काही ठिकाणी तर दोन महिन्यांतून एकदा इंजेक्शन घेतलं की झालं. किती बदललं बघा त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि त्यांच्या रक्तात गेली नऊ वर्षं विषाणू सापडलाच नव्हता. एकदाही नाही. त्यांच्यापासून तुम्हाला काही म्हणजे काही धोका उरला नव्हता."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"धोका नव्हता म्हणजे?"

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे नवराबायको म्हणून राहायला. रोज गोळी घेऊन विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, आणि तसाच राहिला, तर तो शरीरसंबंधातून जोडीदाराला लागत नाही. काका, हे नवीन नाही. बरीच वर्षं झाली."

"मोजता येत नाही म्हणजे नसतो असं नाही, सिस्टर." ते वाक्य माझ्या तोंडून आपसूक आलं. "प्रत्येक काट्याची एक हद्द असते. त्याच्या खालचं वजन त्याला दिसत नाही. शून्य दाखवतो म्हणून काही शून्य नसतं."

"बरोबर आहे. रक्तात थोडा असतोच, म्हणून तर गोळी बंद करायची नाही. पण लागत नाही. हे कुठल्या यंत्राच्या भरवशावर नाही म्हणत. एकाला आहे आणि एकाला नाही अशी कितीतरी जोडपी वर्षानुवर्षं तपासली. गोळी नीट घेणाऱ्या, रक्तात विषाणू न सापडणाऱ्या माणसापासून त्याच्या जोडीदाराला लागला, असं एकही निघालं नाही."

"एकही?"

"एकही."

माझ्या धंद्यात असा आकडा कुणी देत नाही. थोडं मागंपुढं धरावंच लागतं.

"हे तिला माहीत होतं?" मी विचारलं.

सिस्टरनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "मी सांगितलं होतं. दोनदा. म्हटलं, साहेबांना एकदा आत घेऊन या, मी बोलते. तर हसल्या. म्हणाल्या, जाऊ द्या हो सिस्टर, आमच्या माणसाचा शून्यावर विश्वास नाही."

उठताना माझी नजर भिंतीजवळच्या काट्यावर गेली. त्याच्यावर कुणी उभं नव्हतं आणि काटा दीड किलोवर होता. मी बोटानं दाखवलं.

"माहितेय," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही प्रत्येकाच्या वजनातून दीड वजा करतो."

"असं नसतं चालत. हलक्याला दीडचा फरक पडत असेल तर जाड्याला अडीचचा पडत असेल. शनिवारी येतो हत्यारं घेऊन."

"शनिवारी जोडप्यांचा दिवस असतो. गर्दी असते. नवरे बाहेर कट्ट्यावर, बायका आत."

"म्हणूनच शनिवारी येतो," मी म्हटलं.

घरी आलो तेव्हा दुपार होती. खोलीत दोन खाटा आहेत, मध्ये एक हात जागा, त्या जागेत स्टूल. ही जागा आमच्यात अठरा वर्षं होती.

तिला एचआयव्ही कुठून आला हे आम्ही कधी उकरून काढलं नाही. त्याआधी एका आजारपणात रक्त चढवलं होतं, त्यातूनच असणार असं धरून चाललो. मला नव्हता. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकत्र जेवल्यानं, एका भांड्यातून पाणी प्यायल्यानं काही होत नाही, आणि रात्रीसाठी काय काळजी घ्यायची तेही सांगितलं होतं. घरी येऊन तीच म्हणाली, "काळजीबिळजी मला कळत नाही. आजपासून माझी खाट वेगळी आणि माझा ग्लास वेगळा. मुलीला आई नाही राहिली तर बाप तरी राहू दे."

मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. मीही घाबरलो होतो, आणि ती बोलून गेली म्हणून मला बोलावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी मी तिच्या स्टीलच्या ग्लासाच्या कडेला कानशीनं एक खाच पाडली, बाकीच्या ग्लासांत मिसळू नये म्हणून.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या रक्तात विषाणू सापडला नाही असा रिपोर्ट पहिल्यांदा आला. त्या दिवशी मला काम होतं म्हणून रिपोर्ट आणायला ती एकटीच गेली होती. परत आली ती जवळजवळ पळतच. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन कागद माझ्यासमोर धरला. "बघा, सापडतच नाही म्हणतात."

मी काय केलं ते मला लख्ख आठवतं. समोर किराणावाल्याचा काटा दुरुस्तीला होता. मी माझ्या डोक्याचा एक केस उपटला आणि पारड्यात टाकला. काटा हलला नाही. "बघ," मी म्हटलं, "शून्य. पण केस आहे ना? दिसतोय ना तुला? काट्याला दिसत नाही, एवढंच."

ती त्या केसाकडे बघत राहिली. मग कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "जेवायला वेळेवर या."

मला तेव्हा वाटलं, किती सोप्या शब्दांत समजावलं.

गुरुवारी मुलगी आली, आईचे कपडे आवरायला. तिचं लग्न होऊन सात वर्षं झाली. आईला काय होतं ते तिला माहीत आहे, तिच्या सासरी कुणाला माहीत नाही. कपड्यांचे दोन गठ्ठे झाल्यावर तिनं फडताळातून तो ग्लास काढला.

"हा पण देऊन टाकायचा?"

"राहू दे."

तिनं खाचेवरून बोट फिरवलं. "लहानपणी एकदा मी यातून पाणी प्यायले तर आईनं मला अशी ओढली होती! मला वाटलं, मारतेय."

मी तिला सिस्टरचं सगळं बोलणं सांगितलं. केसाचंही सांगितलं. बापानं मुलीशी बोलायच्या गोष्टी नव्हेत या, पण सांगितल्या. ती गठ्ठ्याची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत बसली.

"आता हे कळून काय उपयोग, बाबा?"

"मला नाही. त्या कट्ट्यावर अजून माणसं बसतात. शनिवारी जातोय मी."

"जाऊन काय करणार? भाषण?"

"काटा दुरुस्त करणार. आणि बोलणार."

"लोकांसमोर? बाबा, माझ्या घरच्यांच्या कानावर गेलं तर?"

"तुझं नाव घेणार नाही. आईचंही नाही."

"तुम्हाला सगळं गाव ओळखतं. दर वर्षी प्रत्येक दुकानात जाता तुम्ही!"

ते खरं होतं. दर वर्षी काटा पुन्हा तपासून घ्यावा लागतो. दुकानदार कुरकुरतात. गेल्या वर्षी बरोबर होता, मग यंदा कशाला, म्हणतात. मी प्रत्येकाला एकच सांगत आलो, गेल्या वर्षीचं गेल्या वर्षी. लोकांच्या काट्यांना हे सांगत फिरलो आणि घरातला नियम अठरा वर्षांत एकदाही तपासून घेतला नाही.

मी मुलीला एवढंच म्हटलं, "कुणी विचारलं तर खरं सांगेन. तुला अडचण झाली तर तुझ्या घरी येऊन सगळ्यांसमोर मीच बोलेन. पण जाणार."

ती रागावून गेली. जाताना दोनच्या जागी एकच गठ्ठा घेतला.

शनिवारी सकाळी मी हत्यारांची पिशवी आणि वजनांची पेटी घेऊन गेलो. कट्ट्यावर पाच जण होते. मी सिस्टरना म्हटलं, काटा बाहेर अंगणात आणू द्या, आत उजेड नाही. उजेड होता आत, पण त्यांनी ओळखलं. शिपायानं आणि मी काटा उचलून कट्ट्यासमोरच मांडला.

कुणी काही दुरुस्त करायला बसलं की पुरुषांना राहवत नाही. पहिल्या पाच मिनिटांत दोन जण उठून जवळ आले. त्यांतला एक तिशीचा, कोपरापर्यंत पांढऱ्या रंगाचे ठिपके. घरं रंगवणारा.

"स्प्रिंग गेलीय का?" त्यानं विचारलं.

"स्प्रिंग ठीक आहे. गंज धरलाय सांध्याला. ते वीस किलोचं वजन दे इकडे. खालून फडक्यानं धर, हात नको लावू."

"का? शॉक बसतो?"

"घामानं वजन बदलतं."

तो हसला. "एवढ्यानं? मग आमच्या हाताला तर अर्धा डबा रंग असतो."

काम चाललं होतं. तो उकिडवा बसून मला एकेक वजन देत होता. वर्ष झालं लग्नाला, म्हणाला. बायको आत आहे. आधीपासून होता तिला, लग्नाआधी तिनं स्वतः सांगितलं होतं.

"आणि तू तरी केलंस?"

"केलं." त्यानं खांदे उडवले. "आवडली होती. घरचे अजून बोलत नाहीत माझ्याशी. पण ती आतल्या खोलीत झोपते, मी बाहेर, रंगाच्या डब्यांत. लग्न झालंय की खोली भाड्यानं घेतलीय तेच कळत नाही."

"तिचा रिपोर्ट काय म्हणतो?"

"सापडत नाही म्हणतात. दोनदा आला तसा. सिस्टर म्हणतात आत या, बोलू. आत जाऊन काय बोलायचं? मशीनला दिसत नाही म्हणून नाहीच असं थोडंच असतं?"

माझा हात थांबला. वाक्य माझं होतं. जसंच्या तसं.

मी पाना खाली ठेवला. काटा आता शून्यावर आला होता. मी डोक्याला हात लावला, एक केस उपटला आणि काट्यावर टाकला.

"काय दाखवतोय?"

"शून्य."

"केस आहे का वर?"

"आहे की." तो माझ्याकडे बघून हसला. "हेच तर मी म्हणतोय, काका."

"हेच मी माझ्या बायकोला दाखवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी. असाच केस टाकून." बाकीचे तिघंही आता चपलांकडे बघत नव्हते. मी आवाज खाली आणला नाही. "मी धंद्यानं काटेवाला, म्हणून तिनं ऐकलं. त्यानंतरही ती त्या खाटेवर आणि मी या खाटेवर. आणि मी चुकलो होतो."

"चुकलात कसे? केस तर आहे."

"केस आहे. पण प्रश्न केस आहे का हा नव्हताच. त्या केसानं पारडं खाली जातं का, हा होता. ते मी कुणाला विचारलं नाही. सिस्टरना विचारायला त्या दारातून आत जावं लागलं असतं. किती पावलं आहेत? वीस? अठरा वर्षांत गेलो नाही. इथं तुमच्यासारखा बसून राहिलो."

कट्ट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "मग पारडं जातं का नाही खाली?"

"जात नाही. तिनं रोज गोळी घेतली, आणि तपासणीत सापडत नाही असं येत राहिलं, तर तिच्यापासून तुम्हाला लागत नाही. जोडप्यांवरच तपासून पाहिलंय, एक नाही सापडलं. गोळी चुकवली तर मात्र हे सगळं गेलं. आणि तरीही भीती वाटत असेल तर ज्याला नाही त्यानं घ्यायचीही गोळी आता निघालीय, आज सकाळीच सिस्टरनी सांगितलं. मी काही डॉक्टर नाही. मी सांगतो म्हणून मानू नका. माझं ऐकून एक बाई आधीच फसलीय. आत जा आणि विचारा."

रंगवाला केसाकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "तुमच्या मिसेस आत आहेत?"

"नाही. गेली. सात महिने झाले."

"यानंच?"

"हृदयानं. यानं तिला काही केलं नाही." पुढचं वाक्य मी आठवडाभर मनात धरून होतो. "केलं ते मी."

तो उठला. हात पँटला पुसले, जसे काही ते पुसून स्वच्छ होणार होते. दारापर्यंत गेला, पायरीवर थांबला, आणि मागं वळून म्हणाला, "मूल होऊ शकतं का, ते विचारू?"

"तेही विचार. सगळं विचार."

तो आत गेला. मी काटा पुसत बसलो. दोन कान आतल्या दाराशी लावून. थोड्या वेळानं त्याची बायको आणि तो दोघंही बाहेर आले, मागं सिस्टर. बायको ठेंगणी, हसरी होती, आणि तिचे डोळे लाल होते.

"दुरुस्त झाला ना? मग आधी हिलाच उभी करा," सिस्टर म्हणाल्या.

ती काट्यावर चढली. "यांच्यासमोर नका हो सांगू, सिस्टर. घरी गेल्यावर चिडवतील."

"चोपन्न," मी वाचलं. "आणि आता दीड वजा करायचा नाही."

"म्हणजे वाढले मी!"

"वाढलीस," रंगवाला म्हणाला. आणि तिला उतरायला हात दिला. तो हात तिनं खाली आल्यावरही सोडला नाही. मी वजनं पेटीत ठेवायला लागलो, एकेक फडक्यानं धरून. मोजून बारा असतात. मी दोनदा मोजली.

कट्ट्यावरचा म्हातारा कधी आत गेला ते मला कळलं नाही. बाकीचे तिघं बसूनच राहिले. बसू देत. पुढच्या शनिवारीही बसतील.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी येऊन काटा बघून जा."

"काटा वर्षातून एकदा तपासतात, सिस्टर."

"आमचा दर शनिवारी बिघडतो."

येईन म्हटलं. घरी जाऊन आधी मुलीला फोन केला. बोललो, सगळ्यांसमोर, म्हणून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवलात का?" तिच्या आईसारखीच.

फडताळातून तो ग्लास काढला, पाणी भरलं आणि मुद्दाम खाचेकडून तोंडाला लावला. टोचलं. अठरा वर्षांपूर्वी घाईत पाडलेली खाच, तिची धार मी घासून घेतली नव्हती. दुकानात एखाद्याच्या पारड्याची कडा अशी राहिली तर मी रात्रभर झोपलो नसतो. इतकी वर्षं ती यातून पाणी पीत होती, आणि एका शब्दानं बोलली नव्हती.

मी ग्लास खाली ठेवला. पिशवीतून बारीक कानस काढली आणि दाराशी उजेडात बसून धार घासली. बोट फिरवलं, पुन्हा घासली. खाच मात्र ठेवली. मग ग्लास विसळून पुन्हा भरला आणि सगळं पाणी प्यायलो.